सुळ्यामागचा दात

“लवंग दे एक. एवढंच म्हणतेय मी. दवाखाना उघडायला नको, खुर्ची नको, काही नको.”

आत्या उजवा गाल तळव्यात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. सासूला आमच्याकडं आत्या म्हणायची पद्धत, म्हणून आत्या. एरवी त्यांचं-माझं लग्नाआधी काही नातं नव्हतं. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी भाकरीचं पीठ मळत होते.

“लवंग देते,” मी म्हटलं, “पण आधी बघू तर द्या.”

“बघायचंय काय त्यात? दात आहे. दुखतोय.”

“कधीपासून?”

“सकाळी चूळ भरली तेव्हापासून. गार पाणी लागलं की कानापर्यंत कळ जातेय.”

“कुठला? तो सुळ्यामागचा?”

आत्या पिठाच्या डब्याकडं बघत राहिल्या.

“भरलेलं सुटलं?”

“असेल सुटलं. भाकरीबरोबर गेलं असेल पोटात. मला काय माहीत?”

माझे हात पिठात तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या दाताला महिना पूर्ण होणार होता. माझी विट्यातल्या या घरातून सुटका व्हायची की नाही, हे त्या एका दातात अडकलं होतं.

ही एकोणीसशे त्र्याण्णव सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची, दहावी पास, आणि विधवा. माझे मालक, जयवंत, गलाईच्या धंद्यात होते. सोनं-चांदी गाळायचं काम. आमच्याकडची निम्मी माणसं त्यासाठी देशभर पांगलेली असतात. हे कोइमतूरला होते. लग्नानंतर अडीच वर्षांनी तिथंच तापानं गेले. मी दोन महिने माहेरी राहिले आणि परत आले, कारण माहेरी दोन भावांत मिळून एकच खोली होती. परत आले तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी, सदानंद भावजींनी, घराच्या पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना काढला होता. त्यांना हाताखाली माणूस पाहिजे होतं. मी होतेच.

स्वयंपाकघरापासून दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत नऊ पावलं. मी ती कितीतरी वेळा मोजलेली. सकाळी नऊ पावलं पुढं, दुपारी नऊ पावलं मागं, पुन्हा चार वाजता पुढं. बाहेर जायचं दार म्हणजे दवाखान्याचं शटर, आणि शटरपलीकडं पेशंट बसलेले. त्या वाटेनं बाहेर पडायचं तर चौदा माणसं विचारणार, “वहिनी, कुठं निघालात?” मग मी निघतच नसे.

हत्यारं उकळायची, कापूस वळायचा, आणि सिमेंट मळायचं. यातलं शेवटचं काम मला मनापासून आवडायचं. भावजी आधी दातात चांदी भरायचे. चांदी स्वतःहून दाताला चिकटत नाही. तिच्यासाठी आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागतो, मग ती त्यात अडकून बसते. पण आमच्याकडच्या बायकांच्या दातांचं दुखणं वेगळं. चाळीस-चाळीस वर्षं बोटानं मिश्री घासून हिरडीजवळ दाताला खाच पडलेली असते, विहिरीच्या काठाला दोर घासून पडते तशी. त्या उथळ खाचेत अडकायला जागाच नसते. मग भावजींनी नवीन सिमेंट मागवलं. काचेची बारीक पांढरी पूड आणि एक चिकट आंबट औषध. डब्यात इंग्रजीत छापलेला कागद होता. तो मी शब्दकोश घेऊन अकरा दिवस वाचला.

त्या कागदात जे होतं ते मला इतकं पटलं की मी ते एका वहीत मराठीत उतरवून ठेवलं. औषधातलं आम्ल आधी दाताचा वरचा पापुद्रा जरासा खातं. दातातलं कॅल्शियम सोडवून घेतं आणि मग त्या कॅल्शियमलाच धरून घट्ट होतं. सिमेंटमध्ये थोडा दात जातो, दातात थोडं सिमेंट जातं, आणि मध्ये एक पातळ थर होतो, जो धड हाही नसतो आणि धड तोही. मात्र सिमेंट ओलं, चकचकीत असेपर्यंतच ते दातावर गेलं पाहिजे. चकाकी गेली की त्यातलं आम्ल पुडीतच गुंतून गेलेलं असतं. दाताला द्यायला त्याच्याकडं काही उरत नाही.

पावसाळ्याच्या आधी मिरजेकडच्या एका नव्या डेंटल कॉलेजातल्या काळसेकर बाई आमच्या गावात दात तपासायच्या शिबिराला आल्या होत्या. त्यांनी मला सिमेंट मळताना पाहिलं. “कुठं शिकलात?” म्हणाल्या. मी म्हटलं, “स्वयंपाकघरात.” त्या हसल्या आणि जाताना पत्ता देऊन गेल्या. नंतर पत्र आलं. खुर्चीजवळ मदतनीस म्हणून जागा आहे, राहायला खोली मिळेल, फक्त ज्या डॉक्टरांकडं काम करता त्यांचं शिफारसपत्र घेऊन या. शेवटची तारीख बुधवार.

भावजी वाईट माणूस नव्हेत. पण कौतुक करताना त्यांचा जीव जायचा. पत्र वाचून म्हणाले, “वहिनी, लिहून द्यायला माझी ना नाही. पण तुमच्या हातच्या सिमेंटची खात्री मी कशाच्या जोरावर देऊ? आईच्याच दातातलं दोनदा सुटलं. मळण्यातच चूक होतेय. आता तिसऱ्यांदा भरतो. महिनाभर टिकलं तर पत्र देतो.”

आणि ते खरंच होतं. आत्यांच्या दातातलं दोनदा सुटलं होतं. गावातल्या बाकी बायकांचं टिकत होतं, आत्यांचं तेवढं सुटत होतं. मी दुपारी सगळे झोपले की बाटलीतले उपटलेले दात काढून बसायचे. त्यावर सिमेंटचे थेंब लावायचे आणि दुसऱ्या दिवशी हत्यारानं उचकटून बघायचे. चकाकी गेलेल्या सिमेंटचा थेंब टिकलीसारखा अख्खा निघायचा, खाली दात स्वच्छ. चांगलं लागलेलं सिमेंट दातापासून सुटायचंच नाही. फार जोर लावला तर ते स्वतःच मधून फुटायचं, आणि दातावर त्याचा पातळ थर चिकटून राहायचा. दीड महिना मी हेच करत होते. माझे थेंब फुटत होते, सुटत नव्हते. तरी माझा माझ्या हातावरचा भरवसा उडत चालला होता.

तर तो रविवार. भावजी, त्यांची बायको शुभदा आणि मुलं साताऱ्याला बारशाला गेली होती. जाताना भावजी शटरला बाहेरून कुलूप लावून गेलेले. उद्या सकाळी परत येणार, आल्यावर पेशंट घ्यायच्या आधी आत्यांचा दात बघणार आणि पत्र लिहायचं की नाही ते ठरवणार.

“चला खुर्चीत,” मी हात धुतले.

“सदू आल्यावर बघेल की.”

“तोवर काय, गाल धरून बसणार?”

“लवंग धरून बसेन.”

“लवंगेनं हिरडी भाजेल. तुम्हाला माहीत आहे.”

“तुला लई कळायला लागलंय.” आत्या पुटपुटल्या, पण तेवढ्यात त्यांनी श्वास आत घेतला आणि ती हवाच दाताला लागली असावी, कारण त्यांचे डोळे एकदम पाण्यानं भरले. मग त्या निघाल्या. नऊ पावलं, एकेक मोजल्यासारखी.

शटर बंद असलं की दवाखाना डब्यासारखा वाटायचा. बाहेरून रस्त्यावरची सायकल गेलेली ऐकू यायची, दिसायचं काही नाही. मी दिवा लावला, आत्यांच्या गळ्याला फडकं बांधलं.

“आ करा.”

आत्यांनी दोन बोटं मावतील एवढंच तोंड उघडलं.

“आणखी.”

“एवढंच उघडतंय.”

“काल कणीस खाल्लंत तेव्हा जास्त उघडत होतं.”

त्या मनातल्या मनात काहीतरी म्हणाल्या असणार. पण तोंड उघडलं. मी छोटा आरसा गालात सरकवला आणि दिवा खाली ओढला.

खालच्या उजव्या बाजूचा, सुळ्यामागचा दात. खाच रिकामी दिसत होती. मी कापसानं पुसली आणि पुन्हा पाहिलं.

खाच रिकामी नव्हती. तळाशी सिमेंटचा पातळ पांढरा थर होता, दाताला असा घट्ट बसलेला की हत्याराचं टोक फिरवलं तरी कुठं कड लागेना. माझे दुपारचे थेंब फुटायचे तसंच हे मधून फुटलं होतं. सुटलं नव्हतं. म्हणजे माझं सिमेंट दाताला धरूनच बसलेलं होतं.

आणि त्या थरावर ओरखडे होते. तीन-चार, आडवे, एकाच दिशेनं. खालच्या हिरडीला एक बारीक लाल टोचाही होता. भाकरीनं असे ओरखडे पडत नाहीत. कणसानं तर नाहीच. कुणीतरी टोकदार काहीतरी घालून, जोर लावून, वेळ काढून ते उकरलं होतं.

मी आरसा बाहेर काढला. आत्यांनी तोंड मिटलं आणि लगेच म्हणाल्या, “बघितलंस? लाव लवंग.”

“बघितलं,” मी म्हटलं.

 जे सुचत होतं ते सासूशी बोलण्यातलं नव्हतं. उद्या भावजींना हात धरून इथं आणायचं, दिवा खाली ओढायचा आणि ओरखडे दाखवायचे. त्यांना ते एका नजरेत कळलं असतं. मला पत्र मिळालं असतं. आणि आत्यांना पुढची सगळी वर्षं त्या घरात, त्या मुलासमोर, तोंड उघडून बसावं लागलं असतं.

मी दोन कपाटं उघडली, पूड आणि औषध काढलं.

“अगं, हे कशाला काढतेस? सदूशिवाय?”

“सदू भावजी मळत नाहीत, मीच मळते.”

“भरतो तर तो.”

“आज मी भरते. मागं टेका.”

गार पाण्यानं खाच धुतली तेव्हा आत्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. कापसानं दात टिपून घेतला, पण पूर्ण कोरडा नाही केला. भावजी नेहमी हवा मारून दात खडखडीत करायचे. त्या कागदात तर लिहिलं होतं की दात जरासा ओलसर राहू द्या. मी त्यांना एकदा तसं म्हटलंही होतं. ते म्हणाले होते, “वहिनी, कागद सगळेच वाचतात.”

गालात आणि जिभेकडं कापसाच्या वाती ठेवल्या. कागदाच्या चौकोनावर पूड ओतली, दोन भाग केले, औषधाचे थेंब सोडले आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं भराभरा मळलं. अर्ध्या मिनिटात ते ताज्या सायीसारखं चमकायला लागलं. ते उचलून खाचेत भरलं, बोटाला व्हॅसलीन लावून वरून दाबलं.

“आता बोलायचं नाही, जीभ हलवायची नाही. घट्ट होईपर्यंत माझं बोट निघणार नाही. पाच मिनिटं.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून अठ्ठावीस झाले होते. त्यांचा ओठ माझ्या बोटाखाली थरथरत होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आत्या माझ्यासमोर सलग पाच मिनिटं गप्प राहायची ही पहिलीच वेळ. मला खरं तर तेवढंच पाहिजे होतं, पण मी ते आधी ठरवलेलं नव्हतं.

“कशानं काढलंत?” मी विचारलं.

त्यांच्या घशातून आवाज आला.

“बोलू नका, हलेल. मीच विचारते. सुईनं?”

आत्या छताकडं बघत होत्या.

“पिनेनं?”

छताकडंच.

“अंबाड्यातल्या आकड्यानं?”

त्यांनी डोळे मिटून घेतले.

“तिन्ही वेळा?”

डोळे मिटलेलेच.

माझं बोट दातावरच होतं. मी त्याच दाताशी अडकलेली, त्याही तिथंच अडकलेल्या. दोघींपैकी कुणालाही उठून जाता येत नव्हतं. मग मी बोलले. त्यातलं बरंच मला आजही जसंच्या तसं आठवतं.

“मी दीड महिना रोज दुपारी उपटलेल्या दातांवर सिमेंट लावत बसले, आत्या. तुम्ही झोपलेल्या असायच्या, मी तिथं त्या टेबलापाशी. मला वाटलं माझा हातच वाईट. या घरात मी भाकरी करते तशी शुभदाही करते, तुम्हीही करता. एवढं एकच असं होतं जे फक्त मला येत होतं. आणि ते मला येतंय की नाही, हेच मला कळेनासं झालं होतं. भावजींनी मला पेशंटसमोर म्हटलं, वहिनी, जरा लक्ष देऊन मळा. तुम्ही बाहेर बसून ऐकत होतात. तेव्हाही बोलला नाहीत.”

घड्याळात दोन मिनिटं झाली होती. आत्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडं चाललं.

“रडू नका,” मी म्हटलं. “नाक भरलं की तोंडानं श्वास घ्याल आणि कापूस ओला होईल. अजून तीन मिनिटं थांबा, मग काय रडायचं ते रडा.”

त्यांनी मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं. मला वाटलं, बोट ओढून काढणार. पण ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मी दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेऊन त्यांच्या कानातलं पाणी टिपलं.

“हे आता निघणार नाही,” मी म्हटलं. “खालच्या थरावरच भरलंय. पुन्हा आकडा लावलात तर दाताचा टवका निघेल, सिमेंट नाही. आणि उद्या भावजी बघतील. मी त्यांना काही सांगणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

पाच मिनिटं झाली. मी नखानं दाबून बघितलं, दगड झाला होता. बोट काढलं, कापसाच्या वाती काढल्या, वरून पुन्हा व्हॅसलीन लावलं.

“तासभर काही खायचं नाही,” मी म्हटलं. “बोलायला हरकत नाही.”

“हरकत आहे म्हणाली असतीस तर बरं झालं असतं,” आत्या म्हणाल्या.

त्या खुर्चीत तशाच पडून राहिल्या. मी पट्टी धुवायला घेतली. सिमेंट त्या पट्टीला चिकटायच्या आत धुवावी लागते. पाण्याचा आवाज थांबल्यावर त्या बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

“जयवंत गेला, तू दोन महिने माहेरी होतीस. त्या दोन महिन्यांत मी या घरात काय केलं, तुला ठाऊक नाही. सदू चांगला आहे. रोज विचारतो, आई गोळी घेतली का. तोंडाला ती पट्टी बांधून विचारतो. शुभदा चांगली आहे. माझं ताट भरून वाढते आणि जाते. मी भिंतीकडं बघून जेवायचे.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं? पोट भरतंय, अंगाला कपडा आहे, पोरगा डॉक्टर.” त्यांनी गालाला हात लावून बघितला. “जयवंतला वांग्याचं भरीत आवडायचं, हे तुला माहीत आहे. परवा तू भरीत केलंस आणि म्हणालीस, ह्यांना तिखट लागायचं. मी किती वेळ त्यावर बोलत बसले, आठवतंय? तू गेलीस की या घरात त्याचं नाव घेणारी मी एकटी. एकटीनं नाव घेतलं की वेड लागल्यासारखं दिसतं, हेमा.”

मी नळाकडं तोंड करून उभी होते. पट्टी धुऊन झाली होती, तरी धूत होते.

“एकदा वाटलं, एकदाच काढू,” आत्या म्हणाल्या. “सदू म्हणेल हिला येत नाही, मग कोण हिला घेतंय. पहिल्यांदा काढलं तेव्हा मला झोप नाही लागली. दुसऱ्यांदा लागली.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“तिसऱ्यांदा दात दुखला. जास्तच उकरलं गेलं. तुझं ते निघतच नव्हतं.”

हे त्या इतक्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या की मला हसू आलं. हसू आलं आणि राग तसाच राहिला, दोन्ही एकदम. आज मी कॉलेजात नव्या मुलींना सिमेंट मळायला शिकवते. सव्वीस वर्षं झाली मला तिथं. माझ्या सिमेंटचं एवढं चोख प्रमाणपत्र मला त्यानंतर कुणी दिलं नाही. त्या वेळी मात्र मी आत्यांना खुर्चीतून उठवलं, दिवा बंद केला आणि आम्ही दोघी मागं गेलो. मी भाकरी केली. त्यांनी तासभर वाट बघून ती दुधात कुस्करून खाल्ली. पुढचा सगळा दिवस दात हा शब्द कुणीच काढला नाही. आत्यांनी काय ठरवलंय ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेवढ्यापुरती माझी तगमग थांबली असती, आणि त्यांचं ठरवणं त्यांचं राहिलं नसतं.

सोमवारी आठ वाजता शटर वर गेलं. भावजींनी पिशव्या ठेवल्या, चहा घेतला आणि हात धुऊन म्हणाले, “चल आई, बघू.”

आत्या खुर्चीत बसल्या. मी नेहमीच्या जागी, ट्रेपाशी.

“आ करा,” भावजी म्हणाले. सवयीनं ते आईलाही पेशंटसारखं अहो-जाहो करायचे, खुर्चीत असली की.

त्यांनी आरसा घातला, हत्याराचं टोक दातावर फिरवलं. एकदा, दोनदा. मग दिवा आणखी खाली ओढला.

“टिकलंय,” ते म्हणाले, आणि लगेच, “पण हे नवं दिसतंय. महिन्याचं सिमेंट एवढं पांढरं नसतं. वहिनी, तुम्ही काल याला हात लावलात का?”

 हो म्हणावं तर का लावला हे सांगावं लागणार. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं, आणि मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात. बाहेर दोन पेशंट येऊन बसले होते. भावजी माझ्याकडं बघत होते. शटर उघडं असूनही त्या क्षणाइतकी मी त्या खोलीत कधी कोंडले नव्हते.

आत्यांनी भावजींचा हात बाजूला सारला आणि उठून बसल्या.

“ती कशाला हात लावतेय? तू विचारतोस काय आणि कुणाला. पांढरं आहे कारण मी मिश्री सोडली.”

“काय?”

“सोडली. काळं चढायला लावते कुठं मी आता?”

“कधी सोडलीस?”

“झाला की महिना. तू भरून दिलंस त्या दिवशीच.”

“मला बोलली नाहीस.”

“तू घरात असतोस कधी? इथं असतोस. इथं मी बोलायला लागले की आ करा म्हणतोस.”

नऊ वर्षं भावजी त्यांच्या मिश्रीमागं लागले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तसा मी परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलांच्याही तोंडावर बघितला नाही. सिमेंटचा प्रश्न त्यात वाहून गेला. त्यांनी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि टेबलाच्या खणातून दवाखान्याचा छापील कागद काढला.

“मग काय, शब्द म्हणजे शब्द. वहिनी, त्या काळसेकर बाईंचं पूर्ण नाव सांगा.”

मी सांगितलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. भावजी लिहायला लागले. आत्या खुर्चीतून उतरून त्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या ओळीमागून ओळ बघत होत्या.

“हात चांगला आहे, असं लिहिलंस का?”

“लिहिलं.”

“कागद वाचून शिकली, हे?”

“ते लिहायची गरज नसते, आई.”

“लिही. आणि दिवाळीला आठ दिवस सोडायची, तेही लिही.”

“शिफारसपत्रात असं लिहीत नाहीत.”

“मग काय लिहितात?” आत्या म्हणाल्या. “बरं, नको लिहूस. हिलाच तोंडी सांगून ठेवेन मी.”

भावजींनी सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं. मी ट्रे लावून दिला आणि आत आले. आत्या माझ्या मागून आल्या.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी फडताळावरची मिश्रीची पितळी डबी काढली. कालच नवी भाजून भरलेली होती. मोरीपाशी गेल्या, पालथी केली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. काळं पाणी वाहत गेलं, त्या बघत राहिल्या.

“आता खरंच सोडावी लागणार,” म्हणाल्या. “सदू रोज आरसा घालून बघेल. तेरा वर्षांची होते तेव्हापासून लावतेय मी.”

“मी कुठं सांगितलं होतं असलं बोलायला?”

“गप बस. चहा टाक.”

मी चहा टाकला. आत्या पाटावर बसल्या, मी समोर. त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून कुणीच बसलं नव्हतं. आत्यांनी बशीत चहा ओतला आणि सवयीनं मान डावीकडं कलती केली.

“उजवीकडून घ्या,” मी म्हटलं. “बघा तरी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग मान उजवीकडं कलती केली, गरम चहाचा घोट त्या दातावर घेतला, क्षणभर तोंडात धरून ठेवला आणि गिळला.

“लागलं?”

“नाही लागत,” आत्या म्हणाल्या. त्या दाताकडून त्यांना एवढीही मदत मिळाली नाही, अशा सुरात म्हणाल्या. मग बशी खाली ठेवून विचारलं, “बुधवारी जायचं तर मिरजेची गाडी किती वाजता असते?”